बियाला ठेवलेलं

वाईच्या आमच्या घराला पुढचं दार होतं ते पाहुण्यारावळ्यांसाठी आणि टपालासाठी. घर चालायचं ते परसदाराने. आम्ही चुलत-आते भावंडं आता सगळीच साठीच्या पुढे गेलो आहोत. कुठल्याही कार्यात एकत्र जमलो की जेवणावरून बोलणं सुरू होतं आणि परसात येऊन पोचतं. कुणाला शेवग्यावरचे सुरवंट आठवतात, कुणाला रांजणाखालचा पुदिना, कुणाला अळू चिरून खाजलेले हात. हे सगळं एकदा सलग लिहून काढ, असं भावंडांनी मला सांगितलं, म्हणून लिहिते आहे. त्या परसावर हुकूम चालायचा तो घरातल्या बायकांचा, आणि मला मुख्यतः त्यांच्याविषयीच सांगायचं आहे.

मोरी आणि न्हाणीघर घराच्या मागच्या अंगाला. तिथलं पाणी दगडी पन्हळीतून बाहेर पडायचं आणि पहिल्यांदा अळवाला मिळायचं, कारण अळवाला पायाशी कायम ओल लागते. त्यातून उरलेलं कर्दळीला, तिथून केळींना. केळींच्या पलीकडे पाणी गेलेलं कुणालाच आठवत नाही. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली जायची, न्हाणं शिकेकाईने आणि डाळीच्या पिठाने, त्यामुळे त्या पाण्याचा झाडांना उपद्रव नसे. पुढे कपड्यांसाठी साबणाची पावडर घरात आली तेव्हा मोठ्या काकूने काही दिवस अळवाची पानं रोज उलटसुलट करून पाहिली, आणि मग कुणाला न विचारता धुण्याचा दगडच आडापलीकडे हलवला.

बाकीची झाडंही अशीच विचाराने बसवलेली. गवती चहा बांधावर, माती धरून ठेवायला. कढीपत्ता स्वयंपाकघराच्या खिडकीशी, फोडणी टाकल्यावर हात बाहेर काढून डहाळी तोडता येईल इतक्या अंतरावर. पानांचा ओवा आणि अडुळसा आडाच्या कडेला. शेवगा मात्र पार कोपऱ्यात, कारण त्याची फांदी ठिसूळ आणि पावसाळ्यात त्याच्यावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसत. आल्याचे आणि हळदीचे दोन छोटे वाफे होते. वाईच्या आसपास हळदीची शेतं होतीच, तरी परसातली हळद आजीला हवी असायची ती पानांसाठी. त्यांत पातोळे उकडायचे हे तिने घाटाखालून, पोलादपूरकडच्या आपल्या माहेराहून आणलं होतं.

अक्षय तृतीयेला आळी व्हायची. हातभर खोल खड्डा, त्यात वाळका पाला, शेणखत, चुलीतली राख, वर माती. दोडका, घोसाळी, पडवळ, कारली, दुधी, लाल भोपळा, ज्याचं आळं त्याची जागा ठरलेली. पाऊस येईपर्यंत आम्हा मुलांनी तांब्याने पाणी घालायचं, म्हणजे मृग लागेपर्यंत वेल वीतभर वर आलेला असे आणि पहिल्या पावसात तो सपाट्याने चढे. मांडव बांबूचा, त्यावर तुराट्या, बांधायला केळीचं सोपट. आधी भिजवून मऊ केलेल्या सोपटाची दोरी वेलीला काचत नाही.

त्या मांडवाखाली आम्ही जे शिकलो ते शाळेत कुणी शिकवलं नाही. भोपळ्याची फुलं भल्या सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. दोडक्याची पिवळी फुलं उमलतात संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, आणि पडवळाची पांढरी झालर लावलेली फुलं त्याच्याही नंतर. पाऊस लागून राहिला आणि मधमाश्या फिरकल्या नाहीत की मोठी काकू सकाळी आंघोळीच्या आधीच परसात जायची. भोपळ्याचं नर फूल लांब सरळ देठावर असतं. मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा आधीच बसलेला दिसतो. काकू नर फूल खुडायची, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून मधला पिवळा दांडा मोकळा करायची आणि मादी फुलात तो हलक्या हाताने टेकवून फिरवायची. बोटांना केशरी पूड लागलेली असायची. काम झालेली नर फुलं ओच्यात. दुपारी त्यांची भजी.

पडवळाला दगड बांधायचं काम आमच्याकडे. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या शेंड्याला दोरीने छोटा दगड अडकवतात, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. पण दगड केव्हा आणि केवढा, यात सगळं आहे. पडवळ वीतभर असताना सुपारीएवढा खडा, हातभर झाल्यावर लिंबाएवढा. घाईने मोठा दगड बांधला तर शेंडाच तुटतो. आजी दगड तळहातावर तोलून बघायची आणि पसंत नसला तर बाजूला टाकायची.

आमच्या परसाचा खरा मान ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणजे नांगरटीच्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. हातांनी खणून, हातांनी लावून आलेलं तेवढंच चालतं. एरवी धान्याची कणगी भरली म्हणून मान मिळायचा तो शेताला, शेत कसणाऱ्या काकांना. त्या एका दिवशी अख्खं घर परसाच्या जिवावर जेवायचं. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, आंबट चुका, चिंचेचा कोळ, ओलं खोबरं, मिरची आणि मीठ, एवढंच त्या भाजीत. फोडणी नाही, मसाला नाही. शिजताना प्रत्येक भाजीचा वास वेगळा ओळखू यायचा आणि मग हळूहळू सगळ्यांचा मिळून एक व्हायचा. सुरण आणि अळू खवखवू नये म्हणून चिंच आणि चुका हवाच. अळवात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात, हे कारण मला पुष्कळ पुढे कळलं. वरीच्या भाताबरोबर ती भाजी आम्ही पोटभर खायचो. पक्वान्नांच्या पंगतीत जेवलेली माझी भावंडं आजही सणांमधलं जेवण म्हटलं की आधी याच भाजीचं नाव घेतात.

त्या व्रतामागची विटाळाची कल्पना मात्र आम्हा बहिणींना कधी पटली नाही, आणि हे इथे लिहिलं नाही तर परसाचं चित्र खोटं पडेल. महिन्याच्या चार दिवसांत तुळशीला आणि वेलींना हात लावायचा नाही, सावली पडली तरी वेल करपतो, अशी घरात समजूत होती. वर्षभर ज्या हातांनी आळी भरली त्याच हातांवर हा आळ. ही समजूत मोठ्या काकूने मोडली. ऐन भाद्रपदात पाहुणे दारात, घरात दुसरं कुणी नाही, आणि माझ्या थोरल्या चुलत बहिणीला बाजूला बसवलेलं. काकू तिला म्हणाली, ‘‘जा, दोडके काढून आण. वेलीला काय कळतंय?’’ आजीने ऐकलं. ती काही बोलली नाही आणि त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. वेल त्या वर्षीही मांडवभर होता.

आता बियाबद्दल. मांडवावर एखाद्या दोडक्याच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली असायची. त्याला कुणी हात लावायचा नाही. ते बियाला ठेवलेलं. घरात भाजीची कितीही ओढ असली, दारात जावई असला तरी चिंधी सोडायची नाही. आणि बियाला ठेवायचं ते उरलंसुरलं नव्हे. वेल ऐन भरात असताना आलेलं, सरळ, न किडलेलं, सगळ्यांत चांगलं फळ आजी आधी बियाला निवडायची आणि मग आम्ही खायला सुरुवात करायची. दोडका वेलीवरच वाळून हलका होई, हलवला की आत बी खुळखुळे. घोसाळ्याचंही तसंच, त्याची जाळी अंग घासायला न्हाणीघरात जाई. भोपळ्याचं आणि काकडीचं बी धुऊन, राखेत घोळवून, शेणाच्या गोळ्यात दाबून चुलीमागच्या भिंतीवर थापलेलं असे. धुरामुळे त्याला कीड लागत नसे. वालाचं आणि चवळीचं बी राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून मडक्यात, मडक्याच्या तोंडाला फडकं, वरून शेणाचा लेप. कशावरही नाव लिहिलेलं नव्हतं. आजीला लिहिता येत नव्हतं, पण फडक्याच्या गाठीवरून ती आत काय आहे ते अंधारातही सांगायची.

त्या मडक्यांमध्ये घरातल्या सगळ्या सुनांची माहेरं होती. पडवळ आजीबरोबर घाट चढून आलेलं. तांबूस चवळी मोठ्या काकूने माणदेशातून आणलेली, तिला पाणी कमी पुरायचं. धाकट्या काकूची हिरवी काटेरी वांगी कृष्णाकाठची, खालच्या अंगाची. लग्नात काय दिलं, काय घेतलं याच्या याद्या पुरुषांनी केल्या असतील. बी कुठल्या यादीत नव्हतं. ते बायका पदराच्या गाठीला बांधून आणायच्या आणि तसंच पुढे द्यायच्या.

या सगळ्यांत आमच्या घरचा म्हणावा असा वेल एकच, वालाचा. शेंग चपटी, रुंद, जांभळ्या काठाची. आजीच्या सासूच्याही आधीपासून तो या परसात होता असं सांगायचे. वाल आम्हा मुलांना फार ताटकळत ठेवायचा. मृगात लावलेला वेल गणपतीपर्यंत मांडव झाकून टाकी, पण फूल एक नाही. दसरा आला तरी नाही. आम्ही विचारलं की आजी म्हणायची, दिवस लहान झाल्याशिवाय तो धरायचा नाही. पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना दिवसाच्या लांबीवर फुलणाऱ्या वनस्पतींचं प्रकरण आलं, आणि वालाच्या जुन्या जाती रात्र मोठी झाल्यावरच फुलतात हे वाचलं, तेव्हा मी सुट्टीत घरी येऊन आजीला ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिला त्यात नवीन काहीच नव्हतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आम्ही झोपेतून उठून, कुणी कुणाला कडेवर घेऊन, जे बाहेर पडलो ते परसात. घराची मागची भिंत फुगली होती. नंतर कितीतरी रात्री सातारा जिल्ह्यात लोक घराबाहेर झोपले, तसे आम्हीही वालाच्या मांडवाशेजारी सतरंज्या अंथरून झोपलो. वाल तेव्हा फुलाशेंगांनी लगडलेला होता. त्याच्या पानांना एक उग्र, हिरवट वास असतो, दवाने तो जास्त जाणवतो. आमच्यातल्या धाकट्यांना भूकंपाचं काहीच आठवत नाही, तो वास मात्र सगळ्यांना आठवतो. तीन दगडांची चूल मांडून काकूंनी तिथेच वालाच्या शेंगांची भाजी आणि भाकरी केली.

१९७२ च्या दुष्काळात माणदेशातून मोठ्या काकूच्या माहेरची माणसं येऊन राहिली. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायची, तिची भाकरी चिवट आणि बेचव. आडाचं पाणी खाली गेलं तेव्हा आजीने सगळ्यांना न्हाणीघरातच आंघोळ करायची सक्ती केली. नदीवर जायचं नाही, कारण नदीवर सांडलेलं पाणी अळवाला मिळत नाही. त्या वर्षी आम्ही शेवग्याचा पाला खाल्ला, हादग्याची फुलं खाल्ली, अळवाचे देठही सोलून खाल्ले. मडक्यातलं बी मात्र कुणी शिजवलं नाही. घरात एवढी खाणारी तोंडं आणि मडकंभर चवळी तशीच झाकलेली. काकूची आई ते मडकं रोज बघायची आणि एकदाही तिने त्याचा विषय काढला नाही. तिच्या घरचंच बी होतं ते.

मग ते सगळं गेलं कसं? एका फटक्यात नाही गेलं. संकरित बियांची पाकिटं आली. पहिल्या वर्षी दोडके इतके लागले की वाटूनही उरले, आणि सगळे हरखले. हरखण्यासारखंच होतं ते. पण त्या दोडक्याला चिंधी बांधून ठेवलेलं बी दुसऱ्या वर्षी लावलं तर कुठे कडू, कुठे आखूड, कुठे नुसताच वेल. संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत. तेव्हा चिंधी बांधण्यात काही अर्थ उरला नाही आणि दर वर्षी पाकीट आणायची सवय लागली. घरात नळ आला, आड बुजवला. चूल गेली तशी राखही गेली. आजी गेल्यावर वाटण्या झाल्या आणि मधली भिंत नेमकी अळवातून गेली. वाटणी करणाऱ्यांनी घराच्या खोल्या मोजल्या, पत्र्याचे खण मोजले; परसाची फक्त लांबी-रुंदी लिहिली. शेवटी घर पाडून इमारत झाली. केळी होत्या तिथे आता मोटारी उभ्या असतात.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, तीही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आमच्या आत्याचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. घरातला एक खण तिला मिळाला नाही आणि तिने मागितलाही नाही. पण सासरी भोरला जाताना आजीने तिला वालाचं बी दिलं होतं. वाईत उरलेल्या चार घरांत, ज्यांच्या नावावर जागा आली त्या कुणाकडेही आज घरचं एक बी शिल्लक नाही. दोडका गेला, पडवळ गेलं, तांबूस चवळी गेली. जिला वाटणीत काहीच मिळालं नाही तिच्या दारात तेवढा वाल राहिला. आत्याने तो एकही वर्ष चुकवला नाही. आता तिच्या सुनेच्या हातात आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत आलं तेव्हा आमच्या भावंडांत फोनवर फोन झाले. मातीच्या घरात गावरान वाणांचं बी जपणाऱ्या, शाळेत न गेलेल्या त्या बाईंचे मडक्यांसोबतचे फोटो वर्तमानपत्रात आले आणि आम्हाला ती मडकी ओळखीची वाटली. तेव्हाच कुणीतरी आत्याकडे वालाची चौकशी केली. आपल्या दारात काय आहे हे आम्ही वर्तमानपत्र वाचून विचारतो, याचं तिला वाईट वाटलं असणार. पण तिने बी दिलं.

आता पुण्यातल्या माझ्या चुलत भावाने गच्चीत वाल लावला आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं लिखाण त्याने तरुणपणीच वाचलेलं. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून, मापट्याएवढ्या मातीतही पीक घेता येतं, हे तो तेव्हापासून सांगत होता, करायला निवृत्तीनंतर सवड मिळाली. त्याचा वाल उत्तम आहे. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिथल्या भारतीय दुकानातून आणलेला वाल तिने मागच्या अंगणात लावला. उन्हाळ्यात वेल कुंपण ओलांडून गेला, सगळ्या शेजाऱ्यांनी कौतुक केलं, आणि फुलोरा आला तो ऑक्टोबरात, पहिल्या हिमाच्या तोंडावर. शेंग धरेपर्यंत वेल काळा पडला. तिने मला रडवेल्या आवाजात फोन केला तेव्हा मी तिला आजीचं वाक्य सांगितलं. तिथे दिवस लहान होईपर्यंत थंडीच येते. त्याला तिचा इलाज नाही. ती आता अळू लावते, मोठ्या कुंडीत, आणि थंडीत कुंडी घरात घेते.

तर भावंडांनो, यंदाचं बी आत्याच्या घरी, पुण्यात आणि माझ्याकडे असं तीन ठिकाणी आहे. एकाच घरात ठेवायचं नाही, हे आपण आता ठरवलं आहे. ज्यांना हवं आहे त्यांनी अक्षय तृतीयेच्या आधी कळवा. जमीन नसेल तर दीड-दोन हात खोल पिंप घ्या, बुडाला भोकं पाडा, वेल चढायला भक्कम आधार द्या. वालाचं वजन फार होतं, साध्या काठीला पेलत नाही. दिवाळी उजाडली तरी नुसता पाला दिसला म्हणून उपटून टाकू नका. पानांमागे मावा पडला तर राख धुरळा, राख नसेल तर पाण्याच्या झोताने धुवा. जांभळा काठ ज्या शेंगांना ठळक आहे त्यांतल्या चांगल्या शेंगा पहिल्याच बहरात चिंधी बांधून ठेवा, बाकीच्या खा. आणि घेतलं त्याच्या दुप्पट बी शिमग्यापर्यंत आत्याच्या सुनेकडे पोचवा. ती विचारणार नाही, पण हिशेब ठेवते.